आठ दिशांचं रिंगण

किलिकच्या हातात लांब काठी आहे. समोर ताकी, तिच्या हातांत दोन आखूड तलवारी. दोघांमध्ये चार पावलांचं अंतर. एवढ्या अंतरावरून ताकीनं कितीही वेगानं हात चालवला तरी वार हवेत जाणार, आणि किलिकच्या काठीचं टोक मात्र तिच्या खांद्यापर्यंत सहज पोचणार. ती सरळ पुढे धावली तर काठी पोटात बसेल. मागे सरावं तर पाठीशी रिंगणाची कड. म्हणून ती वाट पाहते. किलिक काठी डोक्यावरून खाली आणतो, त्याच क्षणी ती बाजूला सरकते आणि अर्धवर्तुळ घेऊन त्याच्या अगदी जवळ शिरते. जमिनीवर आपटलेली काठी परत उचलली जाईपर्यंत तिचे दोन वार लागलेले असतात.

‘सोलकॅलिबर’ हा खेळ नीट समजून घ्यायचा तर या एका चकमकीपासून सुरुवात करावी. १९९८ साली जपानच्या नामको कंपनीनं तो आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रावर आणला. १९९९ च्या ऑगस्टमध्ये तो सेगाच्या ड्रीमकास्ट या घरगुती कन्सोलवर जपानमध्ये आला. ९ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेत ड्रीमकास्टची विक्री सुरू झाली, त्या दिवशी हा खेळही दुकानात होता. ‘फामित्सू’ या जपानी साप्ताहिकाचे चार समीक्षक प्रत्येक खेळाला दहापैकी गुण देतात. चाळीसपैकी चाळीस गुण मिळवणारा ‘सोलकॅलिबर’ हा त्या साप्ताहिकाच्या इतिहासातला दुसराच खेळ. पहिला मान आदल्या वर्षीच्या ‘झेल्डा : ऑकरिना ऑफ टाइम’चा.

त्या काळी सगळे बोलले ते त्याच्या चित्रांबद्दल, आणि ती देखणी होतीच. पण गेले काही आठवडे मी हा खेळ पुन्हा खेळतोय, आणि चित्रांचं अप्रूप पहिल्या तासाभरातच संपलं. त्यानंतरही हात कंट्रोलरवरून निघत नाही, याचं कारण पायांत आहे. हा तलवारींचा खेळ म्हणून ओळखला जातो, तरी त्यातली हारजीत पावलांवर ठरते. आपल्याकडच्या मर्दानी खेळात शस्त्र हातात देण्याआधी पवित्रे घोटून घेतात. ‘सोलकॅलिबर’ ज्यांनी बांधला त्यांना हीच गोष्ट उमगली होती, असं मला ठामपणे वाटतं.

आधी बटणं पाहू. ड्रीमकास्टच्या कंट्रोलरवर उजव्या अंगठ्याखाली चार बटणं असतात आणि खेळाला बरोबर चारच लागतात. एक आडव्या वाराचं, एक उभ्या वाराचं, एक लाथेचं आणि एक बचावाचं. मारामारीच्या बऱ्याच खेळांत हलका मार, मध्यम मार, जबर मार अशी बटणं असतात, म्हणजे तिथं विभागणी जोराची. इथं विभागणी दिशेची आहे. आडवा वार डावीकडून उजवीकडे किंवा उलटा फिरतो आणि समोरची बरीच रुंद जागा झाडून काढतो. उभा वार वरून खाली येतो, एका रेषेत. तो बहुधा जास्त लागतो, पण त्या रेषेतून अंग काढलं की वाया जातो. लाथ आखूड आणि चपळ. हत्यार फिरवायला जागा नसेल इतकं जवळ आल्यावर ती कामाला येते.

चौथं बटण बचावाचं, आणि त्यातच या रचनेची मेख आहे. ‘स्ट्रीट फायटर’मध्ये बचाव करायचा तर दिशा देणारी दांडी मागे ओढून धरावी लागते. म्हणजे मागे जाणं आणि वार अडवणं या दोन्ही गोष्टी एकाच हालचालीला बांधलेल्या. ‘सोलकॅलिबर’नं बचाव बटणावर नेला आणि दिशा पूर्ण मोकळ्या केल्या. बचावाचं वेगळं बटण ‘व्हर्चुआ फायटर’मध्ये १९९३ सालीच होतं, त्यामुळे कल्पना नवी नव्हती. नवं होतं ते मोकळ्या झालेल्या दिशांचं काय केलं ते.

दांडी कोणत्याही दिशेला दाबून धरली की तुमचा योद्धा त्या दिशेला चालू लागतो. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे आणि मधल्या चार तिरक्या दिशांना. खेळाच्या भाषेत याला ‘एट-वे रन’ म्हणतात. पूर्व, आग्नेय, दक्षिण, नैर्ऋत्य असं मनात म्हणत दांडी फिरवली तरी चालेल. मात्र इथली पूर्व म्हणजे नेहमी प्रतिस्पर्धी. तुम्ही कुठेही चाला, तुमचं तोंड त्याच्याकडेच राहतं, त्यामुळे बाजूला चालत राहिलात की त्याच्याभोवती वर्तुळ काढलं जातं.

वाचताना ही गोष्ट साधी वाटेल, म्हणून आधी काय होतं ते सांगतो. १९९५ साली प्लेस्टेशनवर आलेल्या ‘बॅटल अरीना तोशिंदेन’मध्ये हत्यारं होती, त्रिमिती रिंगणही होतं आणि बाजूला सरकताही येत होतं. पण तो एक सुटा डाव होता. बटण दाबलं की योद्धा बाजूला लोळण घेणार आणि ती संपेपर्यंत तुम्ही बघत बसणार. रिंगण खोल दिसायचं, पण खेळ एका रेषेवरच चालायचा. ‘सोलकॅलिबर’मध्ये बाजूला जाणं हे चालणंच आहे. अर्ध्यात थांबता येतं, दिशा बदलता येते, त्यातूनच वार काढता येतो आणि चालता चालता काढलेले वार उभ्यानं काढलेल्या वारांपेक्षा निराळे असतात. सगळी जमीन खेळात येते.

आता मघाची बटणं या जमिनीवर ठेवून पाहा. उभ्या वाराला उत्तर म्हणजे बाजूचं पाऊल. बाजूच्या पावलाला उत्तर म्हणजे आडवा वार, कारण तो फिरत येऊन सरकणाऱ्याला गाठतो. आडवे वार पुष्कळदा डोक्याच्या उंचीवरून जातात, म्हणून त्यांना उत्तर खाली बसणं. बसलेल्याला उत्तर पुन्हा उभा वार, कारण तो वरून येतो. चक्र पूर्ण झालं. कागद-कात्री-दगडाशी याची तुलना नेहमी केली जाते, पण ती मला अपुरी वाटते. कागद-कात्रीत दोघं एकाच क्षणी हात उघडतात आणि मधे अंतर नसतं. इथं अंतर आहे. प्रतिस्पर्ध्याचं हत्यार जिथवर पोचतच नाही तिथं उभं राहणं हीसुद्धा एक चाल आहे, आणि बहुतेक वेळा तीच सर्वांत चांगली चाल असते.

उंचीचा हिशेब थोडक्यात. वार वरचा असला तर उभं राहून अडवता येतो किंवा खाली बसून चुकवता येतो. मधला वार उभ्यानंच अडवावा लागतो, बसाल तर लागेल. खालचा वार बसून अडवायचा. बसण्यासाठी बचावाचं बटण धरून दांडी खाली घ्यायची. उडी मारायची तर तेच बटण धरून वर. नुसतं वर किंवा नुसतं खाली दाबलं तर योद्धा बाजूला चालू लागेल. इतर खेळांतून आलेल्याचा हात पहिले दोन दिवस इथंच चुकतो, पण सवय लागते.

कोणी बचावाचं बटण दाबून दगडासारखा उभा राहिला, तर त्याला पकडून फेकायचं. बचाव आणि आडवा वार, किंवा बचाव आणि उभा वार ही बटणं एकत्र दाबली की पकड लागते. पकड बचावाला जुमानत नाही. मात्र खाली बसलेल्याला ती सापडत नाही, आणि पकड लागल्यानंतरही योग्य बटण वेळेत दाबलं तर सुटता येतं. पकडी दोन प्रकारच्या असल्यामुळे कोणतं बटण दाबायचं हा अंदाज सुटणाऱ्यानं करायचा. भल्यामोठ्या कुऱ्हाडीचा अस्टारोथ या पकडींवरच जगतो. हळू चालतो, पण एकदा हात लागला की माणूस उचलून टाकतो.

टाकतो कुठे, हे महत्त्वाचं. रिंगणाची कड ओलांडून बाहेर पडलेला योद्धा ती फेरी तिथल्या तिथे हरतो, मग त्याची ताकद कितीही शिल्लक असो. या एका नियमानं जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला किंमत आली. मधोमध उभा राहणारा निवांत असतो, कडेला ढकलला गेलेला चिंतेत. आणि वर्तुळात चालता येत असल्यानं कडेला अडकलेला माणूस अर्ध्या फेऱ्यात जागा बदलतो, मग पाठीशी कड येते ती दुसऱ्याच्या. नव्या खेळाडूला हे दिसत नाही, कारण त्याची नजर ताकदीच्या पट्टीवर असते. मुरलेला खेळाडू जमीन बघत खेळतो.

आता ज्या डावासाठी हा खेळ मी मुख्यतः पुन्हा काढला, तो ‘गार्ड इम्पॅक्ट’. वार अंगावर येत असताना तो नुसता अडवायचा नाही, तर नेमक्या क्षणी दांडी प्रतिस्पर्ध्याच्या दिशेला ढकलून बचावाचं बटण दाबायचं. जमलं तर ठिणगी उडते, हत्यार झटकलं जातं आणि वार करणारा क्षणभर झोक जाऊन उघडा पडतो. दांडी मागे घेऊन हेच केलं तर वार बाजूला वळवला जातो. क्षण चुकला तर तुमचा हात रिकामा फिरतो आणि वार पूर्ण लागतो.

एवढ्यावरच थांबलं असतं तर तो एक बरा पलटडाव ठरला असता. पण रचनाकारांनी पुढचा विचार केला. ज्याचा वार झटकला गेला तो वार करू शकत नाही, बचावही करू शकत नाही, पण उलटून गार्ड इम्पॅक्ट मात्र करू शकतो. म्हणजे तुम्ही झटकलं, आता तुमचा वार येणार हे त्याला ठाऊक आहे. वार येईल त्या क्षणी तो झटकेल. म्हणून तुम्ही लगेच वार करत नाही, किंचित थांबता. त्यानं घाईनं झटकलं तर त्याचा हात रिकामा जातो आणि तुमचा वार बसतो. तुम्ही थांबणार हे त्यानं ओळखलं असेल तर तोही थांबतो. दोन सारख्या ताकदीचे खेळाडू समोरासमोर असले की टण्‌-टण्‌-टण्‌ असे तीन-चार झटके एकापाठोपाठ ऐकू येतात, आणि मधेच एक विराम पडतो. त्या विरामात दोघंही एकमेकांचं मन वाचत असतात. मारामारीच्या खेळांत मला याहून सुंदर काही सापडलेलं नाही.

इथं काळाचं गणित समजून घ्यायला हवं. ड्रीमकास्टवर हा खेळ सेकंदाला ६० चित्रं दाखवतो. प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात, आणि एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. खेळातली प्रत्येक हालचाल फ्रेममध्ये मोजलेली असते. वाराचे तीन भाग पडतात. हत्यार उगारलं जातं तो पहिला, ते लागू शकतं तो दुसरा, आणि योद्धा पुन्हा सावरतो तो तिसरा. किलिकची काठी जमिनीवर आदळल्यानंतर ताकीला जे दोन वार मिळाले, ते याच तिसऱ्या भागात.

डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीवर माणसाचं बोट हलायला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे १५ फ्रेम. ज्या वाराचा उगारण्याचा काळ त्याहून मोठा, तो पाहून उत्तर देता येतं. जो त्याहून लहान, त्याला पाहून उत्तर देणं शक्य नाही, तो आधी ओळखावा लागतो. सगळेच वार संथ असते तर तो डोळ्यांचा खेळ झाला असता, सगळेच जलद असते तर नशिबाचा. ‘सोलकॅलिबर’मध्ये दोन्हींचं मिश्रण असं जमलंय की डोळे आणि डोकं या दोघांनाही काम मिळतं. शिवाय हत्यारांच्या मागे प्रकाशाची कमान उमटते. ती शोभेची वाटते, पण वार आडवा गेला की उभा, कुठवर पोचला, हे तीच सांगते. हरलेल्याला आपण का हरलो ते त्या कमानीत दिसतं.

नवशिक्यावर हा खेळ मेहेरबान आहे, त्याचंही कारण तांत्रिक आहे. एक हालचाल संपायच्या आधीच पुढचं बटण दाबलं, तरी खेळ ते लक्षात ठेवतो आणि वेळ आल्यावर वापरतो. दुसऱ्या खेळांत अशा जोडवारांसाठी फ्रेमच्या अचूकतेनं बोटं चालवावी लागतात. इथं बोटांवरचा भार हलका केला आणि कठीण ते सगळं निर्णयांवर सोडलं. म्हणून दहा वर्षांचं पोर पहिल्याच दिवशी देखणं खेळतं.

या मालिकेची सुरुवात ‘सोल एज’ नावाच्या आर्केड खेळानं झाली. प्लेस्टेशनवर तो जपानबाहेर ‘सोल ब्लेड’ या नावानं विकला गेला. त्यात हत्याराची वेगळी पट्टी होती. वार अडवत राहिलात की ती झिजायची आणि शेवटी हत्यार मोडायचं, मग रिकाम्या हातांनी लढायचं. कल्पना मोहक आहे, पण तिच्यामुळे बचाव करणाऱ्याला दंड बसतो. ‘सोलकॅलिबर’नं ती पट्टी काढून टाकली. अडवत बसणाऱ्याला शिक्षा करण्याऐवजी झटकण्याचं आणि सरकण्याचं आमिष दाखवलं. माझ्या मते या मालिकेतला हा सर्वांत शहाणा निर्णय.

आर्केडमधला मूळ खेळ नामकोच्या सिस्टिम १२ या बोर्डावर चालायचा. तो बोर्ड पहिल्या प्लेस्टेशनच्याच रचनेवर बेतलेला होता. ड्रीमकास्टमध्ये २०० मेगाहर्ट्‌झचा हिताचीचा प्रोसेसर आणि कितीतरी बलवान चित्रयंत्रणा. त्यामुळे उलटंच घडलं. एरवी आर्केडचा खेळ घरी आणताना छाटावा लागायचा, हा घरी येऊन सजला. योद्धे नव्यानं घडवले गेले, आणि रिंगणामागचे सपाट देखावे खरे त्रिमिती झाले.

योद्ध्यांपैकी एकाबद्दल थांबून सांगायलाच हवं. वोल्डो हा इटलीतल्या एका धनिकाचा आंधळा सेवक, मालकाच्या खजिन्याचा राखणदार. या खेळात पाठ वळलेला योद्धा अडचणीत असतो, कारण त्याला बचाव करता येत नाही. वोल्डोला दिसतच नाही, त्यामुळे पुढा काय आणि पाठ काय. तो मुद्दाम पाठ करून उभा राहतो आणि तिथूनच लढतो, जमिनीवर खेकड्यासारखा सरपटतो. शरीराचं एक वैगुण्य घेऊन त्यातून लढण्याची अख्खी पद्धत उभी केली आहे. आणि त्याच्या हातांतली हत्यारं आहेत कट्यारी. त्यांची नावं मनस् आणि आयुस्. आपल्याकडची कट्यार ज्यांनी संग्रहालयात पाहिली असेल त्यांना तिची मूठ आठवेल. दोन उभ्या दांड्यांमध्ये आडवी बसवलेली पकड, त्यामुळे पातं मुठीच्या थेट पुढे येतं आणि वार ठोशासारखा जातो. वोल्डोची हत्यारं कारागिराच्या कल्पनेनं बरीच वाढवलेली आहेत, पण हात सरळ खुपसण्याची ती चाल कट्यारीचीच आहे. संस्कृत नावांच्या भारतीय घाटाच्या कट्यारी, इटालियन माणसाच्या हातांत, जपानी खेळात. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

हत्यारानुसार पायांचं काम कसं बदलतं, तेही पाहण्यासारखं आहे. सोफितियाची आखूड तलवार आणि ढाल, तिला सतत आत शिरावं लागतं. आयव्हीची तलवार सुटी होऊन चाबकासारखी लांबते, तिचं अंतर क्षणाक्षणाला बदलतं. नाईटमेअरचं प्रचंड पातं फिरायला वेळ घेतं, म्हणून तो अंतर राखून असतो. मित्सुरुगीची कताना लांबीला मध्यम, वेगाला मध्यम. शिकायला सुरुवात त्याच्यापासून करावी, कारण त्याच्या हातून झालेली चूक हत्याराची नसते, तुमचीच असते.

एकट्यानं खेळायला ‘मिशन बॅटल’ हा विभाग आहे. नकाशावरून गावोगाव जायचं आणि अटी घातलेल्या लढती जिंकायच्या. एका ठिकाणी वारा तुम्हाला रिंगणाच्या कडेकडे लोटत राहतो. वारांची सवय असलेला खेळाडू तिथं हमखास पडतो आणि मग पावलं टाकायला शिकतो. शिकवणीचा आव न आणता शिकवणारा असा विभाग नंतरच्या अनेक खेळांत मला आढळला नाही. २००८ साली एक्सबॉक्स ३६० वर हा खेळ पुन्हा निघाला, तेव्हा नेमका हाच विभाग वगळला गेला. म्हणून पुन्हा खेळायचा तर मूळ ड्रीमकास्टचाच खेळावा.

एक व्यवहारातली गोष्ट. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर चित्र जवळजवळ तत्काळ उमटायचं. आजचे सपाट टीव्ही चित्रावर प्रक्रिया करतात आणि त्यात काही फ्रेम जातात. पाच फ्रेमचा उशीर सिनेमा पाहताना कळतही नाही, पण गार्ड इम्पॅक्टचा क्षण त्यातच निसटतो आणि माणूस आपल्या बोटांना दोष देत बसतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ शोधून आधी तो चालू करा.

सेगानं ३१ जानेवारी २००१ रोजी ड्रीमकास्टचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. जपानमध्येसुद्धा कन्सोलला जेमतेम सव्वादोन वर्षं मिळाली होती. खेळ मात्र अजूनही तसाच चालतो, त्याला ना इंटरनेट लागतं ना अपडेट. फक्त दुसरा माणूस लागतो, शेजारी बसलेला. त्याला दुसरा कंट्रोलर द्या, दोघंही मित्सुरुगी घ्या, आणि पहिल्या पाच फेऱ्या वाराचं एकही बटण न दाबता नुसते एकमेकांभोवती चाला. सहाव्या फेरीत तलवार उचला.